कॉट आणायला कोण जाणार?

"मी हाय की!" असं म्हणून सर उजव्या हाताचा पंजा छातीवर असा आपटायचे, की खिशातलं पेन उडी मारायचं. टेम्पोवाला आला नाही? मी हाय की. हॉलचं कुलूप उघडत नाही? मी हाय की. आडवाटेच्या एखाद्या वाडीत वॉटरबेड पोचवायचाय आणि रस्ता चिखलात गेलाय? मी हाय की! तुमच्याही ओळखीत असा एखादा माणूस असेल, जरा आठवून बघा. तो असला की बाकीच्यांना काही करावं लागत नाही, आणि बाकीच्यांना ते फार सोयीचं पडतं. हे मी जरा रागानं लिहितेय. राग अजून गेलेला नाही, आणि तो नेमका कुणावर आहे हेही मला धड सांगता येत नाही.

सर म्हणजे कोडोलीच्या शाळेतले पीटीचे मास्तर. निवृत्त झाल्यावर कोल्हापुरात शाहूपुरीत राहायला आले. सासूबाई पडल्या, मांडीचं हाड मोडलं, म्हणून त्यांनी दवाखान्यात असते तशी डोक्याकडून वर होणारी कॉट विकत आणली. सासूबाई पुढे वारल्या. कॉट सोप्यात पडून राहिली. शेजारच्या गल्लीतलं कुणीतरी मागायला आलं, सरांनी स्वतः ढकलत नेऊन दिली. मग दुसरं कुणी आलं, तिसरं आलं. त्यातून संस्था उभी राहिली. कॉट, व्हीलचेअर, वॉकर, ज्याला लागेल त्याला वापरायला द्यायचं आणि काम झालं की परत आणायचं, एवढंच तिचं काम. दुकानांच्या मागे एक गोडाऊन, दोन-चार पगारी माणसं, बाकी स्वयंसेवक, आणि सगळ्यांच्या वर सरांचा आवाज.

माझं काम वेगळं. संस्थांच्या लोकांना मी एक दिवस एका हॉलमध्ये बसवते आणि पुढच्या वर्षात काय करायचं ते त्यांच्याकडून ठरवून घेते. रंगीत कार्डं, मार्कर, भिंतीवर चिकटवलेले मोठे कागद. सरांना याची भारी मजा वाटायची. "पावणं, तुमचा धंदा बेस हाय. आमच्याच तोंडचं आमच्याकडनंच लिवून घ्यायचं आणि दुपारी जेवून जायचं!" मी जन्मापासून शाहूपुरीची, तरी त्यांच्या लेखी शेवटपर्यंत पावणंच राहिले. मीही ऐकून घेणाऱ्यातली नाही. "तुमच्या तोंडचं लिहायला कागद पुरत नाही, म्हणून कार्डं आणते," असं मी सुनवायची. ते खूश व्हायचे. उलटं बोलणारं माणूस त्यांना आवडायचं.

आवाज तर असा, की फोनवर बोलताना फोनची गरज काय असा प्रश्न पडावा. शिरोळकडे एकदा कृष्णेचं पाणी चढलं. गावातली एक आजी संस्थेच्या कॉटवर होती. तिला उचलायला लोक आले तर म्हातारी कॉट सोडेना. "सरांची कॉट हाय, बुडाली तर काय तोंड दाखवू?" असा तिचा हेका. सरांना फोन गेला. सर पाण्याच्या कडेपर्यंत पोचले, ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत म्हातारीला कॉटसकट चढवली आणि स्वतः बाजूला छत्री धरून उभे राहिले. पुढे ड्रायव्हरला ओरडत होते, "आरं हळू! लगीन न्हाय गाठायचं!" म्हातारी म्हणे वाटभर हसत होती. ही गोष्ट सर इतक्यांदा सांगायचे की आम्हाला सगळ्यांना पाठ होती, आणि तरी आम्ही दर वेळी हसायचो.

पण या माणसाचा आवाज एका ठिकाणी बंद व्हायचा. कॉट परत आणताना.

पेशंट बरा होऊन कॉट परत आली तर प्रश्नच नाही. पण बऱ्याच वेळा तसं होत नाही. घरातलं माणूस जातं, दिवसकार्य होतं, आणि मग ती रिकामी कॉट खोलीत उभी असते. ती आणायला सर कधी नुसता टेम्पो पाठवत नसत. स्वतः जायचे. एकदा मी हट्टानं त्यांच्याबरोबर गेले. कोडोलीजवळचं घर होतं. सासरा गेलेला, सून दारात उभी. सर आत गेले, सतरंजीवर बसले आणि गप्प. मी त्यांना इतकं गप्प कधी पाहिलं नव्हतं. चहा आला. चहा पिता पिता त्यांनी एकच विचारलं, "मामा खायचे काय ओ, आवडीनं?"

सुनेनं तोंडाला पदर लावला आणि मग बोलायला लागली. सासऱ्याला अंबाडीची भाजी कशी लागायची, दात नव्हते तरी कणसासाठी कसा हट्ट करायचे, तिच्यावर रागावून मग तिच्याच हातचं कसं मागायचे. बोलता बोलता रडली, रडता रडता हसली. शेवटी टेम्पोवाला मारुती कॉट खोलायचे पाने घेऊन आत आला, तशी ती एकदम कॉटचा दांडा धरून उभी राहिली. "राहू दे काय, आणि थोडं दीस?"

मारुतीनं कपाळाला हात लावला. सर म्हणाले, "राहू दे की बाय. कॉट काय म्हशीगत चारा खातीया व्हय?"

आम्ही रिकामा टेम्पो घेऊन परत आलो. मारुती वाटभर डिझेलच्या नावानं कुरकुरत होता. मी विचारलं, असं किती वेळा होतं? सर म्हणाले, "घरातलं माणूस 'न्या' म्हणस्तवर कॉटला हात लावायचा न्हाय. लई वेळ लागत न्हाय ओ. एकदा कुणीतरी ऐकून घेतलं की सोडत्यात." मग खिडकीबाहेर बघत बसले.

मागच्या उन्हाळ्यात एका सकाळी सर माझ्या घरी आले. डोक्यावर टोपी, हातात काही नाही. बसा म्हटलं तर बसेनात. "पुढल्या तीन वर्साचं नियोजन करायचं हाय. तुमची ती रंगीत पत्रावळ घेऊन या."

"आज सूर्य कुठं उगवलाय?" मी म्हटलं. "दर वर्षी मला हसता, आणि आता तीन वर्षांचं?"

मग ते बसले. टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. "पोटात गाठ हाय. पसरलीया. डॉक्टर म्हणत्यात, दिवाळीचं कायबी सांगता येत न्हाय." मी पाणी आणायला उठले तर म्हणाले, "पाणी नगं, ऐका. घरात बायकोला ठाऊक हाय आणि आता तुमाला. संस्थेत कुणाला सांगायचं न्हाय. सांगितलं की रडत बसतील, आणि समदं माझ्या तोंडाकडं बघून ठरवतील. मला बघायचंय, मी नसताना काय ठरवत्यात."

"पण तुम्ही असणारच ना तिथं?"

"असतो की. पर बोलणार न्हाय." आणि खिशातून त्यांनी शिट्टी काढली. पीटीची, पितळेची, दोरी मळून काळी झालेली. माझ्या हातात ठेवली. "सवय वाईट हाय. तोंड उघडलं की फुंका."

कसलंसं ओझं माझ्या हातात देऊन हा माणूस टोपी घालून निघून गेला. मी दाराला टेकून रडले. आणि मग रागानं रडले, की कोल्हापुरात एवढी माणसं पडलीयत, याला मीच का सापडले!

हॉल शाहूपुरीतलाच होता. सकाळी मिसळ झाली, सगळे खुशीत. मी शिट्टी गळ्यात घातली आणि जाहीर केलं, आज सर बोलणार नाहीत, बोलले तर शिट्टी. हॉलमध्ये टाळ्या पडल्या. कुणी म्हणालं, "ताई, जोरात फुंका, त्यांना बारीक आवाज ऐकू येत न्हाय!" सगळ्यांना तो खेळ वाटला. सर सगळ्यात मागच्या खुर्चीत बसून हसत होते. त्यांचा शर्ट खांद्यावर सैल झालेला मला दिसत होता. बाकी कुणाला दिसला नाही. रोज बघणाऱ्यांना नाही दिसत.

पहिलं काम सोपं होतं. संस्थेत काय काय चालतं ते एकेका कार्डावर लिहायचं आणि शेजारी दुसऱ्या कार्डावर, ते पुढची तीन वर्षं कोण करणार. भिंत भरली. मी वाचायला लागले. गावोगावच्या सरपंचांशी बोलणार: सर. बिघडलेल्या कॉटा दुरुस्त करून घेणार: सर. दवाखान्यात जाऊन माहिती देणार: सर. कॉट आणायला जाणार: सर. पिवळी कार्डं, हिरवी कार्डं, निरनिराळी अक्षरं, आणि भिंतभर एकच शब्द. लोक कौतुकानं माना डोलवत होते. मी मागं बघितलं नाही. बघितलं असतं तर मला पुढचं जमलं नसतं.

मी म्हटलं, "आता सर लिहिलेली सगळी कार्डं काढा. त्या जागी दुसरं नाव लिहा."

सुरेखा उठली. ती गोडाऊन सांभाळते, तोंडाची फटकळ आणि मनाची फार चांगली. "का ओ ताई? सरांनी काय घोडं मारलंय तुमचं?"

"नियम आहे," मी म्हटलं.

"असला कसला नियम? तुमी दिसभर येनार आणि जानार. आमचं सर हाईत तवर हाईत की!"

हाईत तवर. मी हातातली कोरी कार्डं सारखी करत राहिले. शेवटी मागून हात दिसला. सर उभे राहून दोन्ही हातांनी खुणा करत होते, काढा, काढा. सुरेखानं रागारागानं स्वतःच जाऊन एकेक कार्ड उचकटलं. भिंत जवळजवळ रिकामी झाली. सर परत खुर्चीत बसले आणि आपल्या नखांकडे बघत राहिले.

जेवणानंतर अजित बोलला. त्याचं शाहूपुरीत हार्डवेअरचं दुकान आहे, संस्थेत वर्षानुवर्षं राबतोय, त्याला वाईट म्हणणाऱ्याची मी जीभ हासडेन. तो म्हणाला, "मी स्पष्टच बोलतो. कॉट आणायला माणूस पाठवायचं बंद करूया. आपण फोन केला की घरच्यांनी आणून सोडायची. माणूस गेल्यावर तिकडं कॉट नुसती पडून राहती, आणि इकडं जिता पेशंट फरशीवर झोपलेला असतो. त्या पेशंटचं काय?"

खोटं काय होतं त्यात? काहीच नाही. माना हलायला लागल्या. आणि मागून आवाज आला, "आजित, आरं ऐक, मी हाय—"

मी शिट्टी फुंकली.

हॉलभर हशा उसळला. "आऊट! सर आऊट!" कुणी टेबल बडवलं. त्या हशात आम्ही दोघंच एकमेकांकडे बघत होतो. त्यांचा पंजा छातीपर्यंत आलेला तसाच थांबला होता. मला वाटलं, आत्ताच्या आत्ता सगळं ओरडून सांगावं आणि ही शिट्टी पंचगंगेत नेऊन टाकावी. सरांनी मान हलवली, हसल्यासारखं केलं आणि बाहेर गेले. खिडकीतून दिसत होतं, ते नळाजवळ भिंतीला टेकून उभे होते. तिथून आतलं सगळं ऐकू येत होतं.

"ठरवायचं का मग?" अजित म्हणाला.

मग सुरेखा बसल्या जागेवरून बोलली. नेहमीसारखं वरच्या पट्टीत नाही. "माझा नवरा गेला तवा कॉट आमच्यात हुती. सर न्यायला आलते. मी न्हाय म्हटलं. परत आलते, परत न्हाय म्हटलं. का ते तुमाला ठाव न्हाय. मी त्या कॉटवर झोपत हुते ओ. त्येंच्या अंगाचा वास हुता तिला." ती थांबली. पाणी प्यायली. "तिसऱ्यांदा सर आले, चा प्यायले, ह्येंच्याबद्दल इचारलं. माझ्या म्हायेरचीबी माणसं मला ह्येंच्याबद्दल इचारत न्हवती, रडंल म्हणून. त्या दिशी मीच कॉट मोकळी करून दिली, आणि दुसऱ्या दिशी गोडाऊनमदी कामाला आले. फोन करून आणून सोड म्हटला असता, अजितदादा, तर मी कॉट दिली असती. पर मी काय ऱ्हायले नसते."

अजितनं चष्मा काढून पुसला. "मग फरशीवरचा पेशंट?" त्यानं विचारलं, पण आता तो भांडत नव्हता, खरंच विचारत होता.

तासभर त्यावरच चाललं. नव्या कॉटा घ्यायच्या, त्यासाठी अजितनं दुकानदारांकडे फिरायचं, आणि घरी जाणं बंद करायचं नाही, असं ठरलं. बाकीच्या कामांपुढं एकेक नाव लागत गेलं, आणि मग ते एकच कार्ड उरलं. कॉट आणायला कोण जाणार? सवयीनं सगळ्यांच्या माना मागच्या खुर्चीकडे वळल्या. खुर्ची रिकामी होती. सुरेखा उठली, माझ्या हातातून मार्कर ओढून घेतला आणि स्वतःचं नाव लिहिलं. मग अजितनं लिहिलं. मग एकेक जण येत गेलं. मी खिडकीकडे बघितलं. सर नळाखाली तोंड धूत होते, कितीतरी वेळ नुसतं धूतच होते.

निघताना माझ्याजवळ येऊन म्हणाले, "शिट्टी लई जोरात वाजवता ओ तुमी." मी शिट्टी काढून पुढं केली. घेतली नाही.

नंतर महिन्याभरात त्यांनीच सगळ्यांना सांगितलं. त्या दिवशी सुरेखा माझ्या दारात येऊन उभी राहिली. "तुमाला ठावं हुतं?"

"हो."

"म्हणून शिट्टी." ती उंबऱ्यातच बसली आणि लहान पोरीसारखी हमसून रडली. मी तिच्या शेजारी बसले. दोघी मिळून रडलो, मग मी चहा टाकला.

आषाढात सरांच्या घरी कॉट गेली. त्यांनी गोडाऊनमधली कुरकुरणारी, कुणाला नको असलेली कॉट मागून घेतली. "चांगली दुसऱ्याला द्या. मला आवाजाची सवय हाय." मी शेवटची भेटायला गेले तेव्हा त्यांचा तो आवाज तोंडाजवळ कान नेल्याशिवाय ऐकू येत नव्हता. मी पर्समधून शिट्टी काढून उशाशी ठेवली. त्यांनी बोटानं ती माझ्याकडे सरकवली. मी वाकले. "ऱ्हाऊ दे तुमच्याकडं," ते म्हणाले. "परत बोलाय लागलो तर?"

श्रावणात गेले. स्मशानात माणूस मावत नव्हतं. ज्यांच्या ज्यांच्या घरी त्यांनी चहा घेतला होता, ती सगळी घरं आल्यासारखी वाटत होती. मी घरी येऊन दार लावून घेतलं.

दिवसकार्य झाल्यावर सुरेखाचा फोन आला. "ताई, सरांची कॉट आणाय जायचंय. येताय?" मारुतीच्या टेम्पोत पुढं आम्ही दोघी बसलो. काकूंनी, सरांच्या बायकोनं, दार उघडलं. आम्ही सतरंजीवर बसलो. समोर ती कॉट, चादर घडी करून पायाशी ठेवलेली. चहा आला. सुरेखानं कप खाली ठेवला. तिनं विचारलं, "काकू, सर खायचे काय ओ, आवडीनं?"

"भडंग," काकू म्हणाल्या. त्यांचा चेहरा जरा उजळला. "शेवटी गिळवत न्हवतं काय. तरी मूठभर मागायचे. तोंडात धरून बसायचे नुसतं. म्हणायचे, कुरकुर ऐकू येतीया गं अजून." काकू बोलत राहिल्या. आम्ही ऐकत राहिलो. बाहेर मारुतीनं हॉर्न वाजवला नाही, पाने घेऊन आतही आला नाही.

मग काकू उठल्या. कॉटजवळ गेल्या आणि दांड्यावर हात ठेवून उभ्या राहिल्या. आमच्याकडे पाठ करूनच म्हणाल्या, "सुरेखा, राहू दे काय गं, आणि थोडं दीस?"

"राहू दे की काकू," सुरेखा म्हणाली. "कॉट काय..." तिला पुढचं बोलवेना.

"म्हशीगत चारा खातीया व्हय," काकूंनी पुरं केलं. त्या हसल्या, आणि हसता हसताच कॉटवर बसल्या. कॉट कुरकुरली. सुरेखानं जाऊन त्यांच्या कमरेला मिठी मारली आणि दोघी किती वेळ तशाच होत्या कोण जाणे. मी उठून बाहेर आले. पर्समध्ये हात घातला तर शिट्टी हाताला लागली. कुणीतरी आता तोंड उघडावं, छातीवर पंजा आपटावा, मी फुंकणार नाही, अज्जिबात फुंकणार नाही, असं मी त्या गल्लीत उभी राहून मनात म्हणत होते.

सुरेखा डोळे पुसत बाहेर आली. मारुतीनं तिच्याकडे बघितलं, मग टेम्पोच्या मागच्या फळीकडे.

"रिकामाच?"

"व्हय, रिकामाच," सुरेखा म्हणाली. "चल."

मारुती या वेळी डिझेलचं काही बोलला नाही.